नवव्या तासाचं पारायण

आमच्या भुवनाचं लग्न ठरलं त्या वर्षी, म्हणजे १९९५ साली, आमच्या मेलवीथीतल्या घरात देवनागरी वाचता येणारं माणूस एकच होतं. ते म्हणजे मी.

हे जरा समजावून सांगायला हवं. आम्ही तंजावरचे. घरात तीनशे वर्षं मराठी बोलत आलो, पण लिहायची वेळ आली की तमिळ अक्षरं. आमचे हे, रघुपतीराव, पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. इंग्रजीत अर्ज असा लिहायचे, की कलेक्टरनं उभं राहून वाचावा. पण देवनागरी समोर आली की हे चष्मा पुसायला घेत. भुवना बी.कॉम. झालेली, कॉम्प्युटरच्या वर्गाला जाणारी. तिचीही तीच गत.

आणि मी शाळेचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. चौपन्नाव्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात तमिळ अक्षरं गिरवली. एकदा चव लागली म्हटल्यावर राहवेना. शेजारची सुप्रभा आपल्या ओट्यावर मुलांची हिंदी परीक्षेची शिकवणी घ्यायची. तिथं पोरांच्या मागं शेंगा सोलत बसले आणि शेंगा संपेपर्यंत देवनागरीही पदरात पाडून घेतली. त्यामुळं त्या दिवसांत रस्त्यानं चालताना माझी मान जरा वरच असायची.

वाचायचे मात्र एकेक अक्षर बोटाखाली दाबून, जणू बोट उचललं तर ते पळून जाईल. शब्द पुरा होईपर्यंत त्याचं पहिलं अक्षर विसरायचे. वाक्याचा अर्थ लागायचा तो दोन वाक्यं पुढं गेल्यावर. पण वाचायचे. माझा बेत असा होता की भुवनाचं लग्न होईतो एक अख्खं मराठी पुस्तक वाचून काढायचं आणि व्याह्यांच्या माणसांसमोर सहज बोलता बोलता त्याचा उल्लेख करायचा.

माझ्या बहिणीचा मुलगा साईराम तेव्हा पुण्यात नव्यानं आलेल्या एका परदेशी साबणाच्या कंपनीत लागला होता. त्याला सांगून ठेवलं होतं, "येताना एक मराठी पुस्तक आण. कुठलंही चालेल, अक्षरं मोठी हवीत." त्यानं पुण्याच्या स्टेशनावर दुकानदाराला तेच सांगितलं. दुकानदारानं मिसरूड फुटणाऱ्या मुलांसाठी असतात त्यांतलं एक काढून दिलं. अक्षरं हरभऱ्याएवढी. साईरामनं ते उघडूनही पाहिलं नाही, माझ्या हातात दिलं आणि कॉफी पिऊन कुंभकोणमची बस पकडली.

पुस्तकाचा रंग शेंदरी. वर पांढऱ्या लुगड्यातली एक बाई, डोक्यामागं पांढरं वर्तुळ, उजवा हात वर केलेला. यांनी पाहिलं आणि पायांतल्या चपला काढल्या.

"कुणी माऊली दिसतात पुण्याकडच्या," हे म्हणाले.

आमच्याकडं देवनागरीत काही छापलेलं घरात आलं तर ते देवाचंच असणार. दुसरं काही देवनागरीत असतं, हेच आम्हाला कधी दिसलं नव्हतं. भुवनानं माऊलीच्या कपाळावर कुंकू टेकवलं आणि पुस्तक देव्हाऱ्यात गेलं. नाव मी वाचून दाखवलं. न-व-वा ता-स. 'नववा तास'. रोज पूजा झाली की मी त्यांना हात जोडून सांगायचे, आई, एवढं लग्न पार पाड.

तसं सांगण्याचं कारणही होतं. मुलगा ओरत्तनाडूचा, प्रणवेश नाव, तिरुचीच्या कारखान्यात इंजिनियर. मुलानं भुवनाला पसंत केलं होतं, आईबापांनी केलं होतं. पण त्या घरात शेवटचा शब्द त्याच्या आजीचा, वत्सलाअक्कांचा. त्यांनी आधीची दोन स्थळं निश्चयाच्या दिवशी मोडली होती. एकदा मुलीच्या आईनं कॉफी कोमट दिली म्हणून. दुसऱ्यांदा का, ते त्यांनाही सांगता येईना. "मनाला येईना," एवढंच म्हणाल्या.

चैत्रात अक्कांच्या डोळ्याचं ऑपरेशन तंजावरात ठरलं. दवाखाना आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. पुढच्याच शुक्रवारी आमच्या घरी निश्चयतांबूल व्हायचं होतं. तेव्हा तोपर्यंत अक्कांनी आमच्याकडंच राहावं असं ठरलं. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्यानं आधीच काही दिसत नव्हतं. डॉक्टरांनी बजावलं होतं: वाकायचं नाही, खोकायचं नाही, रडायचं नाही, आणि कसलाही धक्का बसता कामा नये.

पलंगावर टेकताच अक्का म्हणाल्या, "नुसतं पडून काय करू?"

"आमची राजम वाचते," हे म्हणाले. "देवनागरी. घडाघडा."

घडाघडा हा शब्द यांनी कुठून पैदा केला, देव जाणे. मी मागून डोळे वटारले, पण तोवर यांनी देव्हाऱ्यातून पुस्तक आणून अक्कांच्या मांडीवर ठेवलं होतं. अक्कांनी ते चाचपून पाहिलं.

"फार जाड नाही. आठवड्यात होईल. नाव काय?"

"नववा तास," मी म्हणाले.

अक्का जरा विचारात पडल्या. "नवविधा भक्ती. आठ तास संसाराचे, नववा देवाचा."

आम्ही तिघं एकमेकांकडं बघत राहिलो. एवढा अर्थ दोन शब्दांत दडलेला असेल, असं मलाही वाटलं नव्हतं.

मग अक्कांनी नियम घातले. रोज दुपारी चार वाजता, आंघोळ करून. समई हवी. रोज वेगळा नैवेद्य. अध्याय संपला की अस्के, म्हणजे सगळ्यांनी, मिळून 'गोविंदा' म्हणायचं. "आणि एकदा सुरू केलं की मधे सोडायचं नाही. माझ्या माहेरी एकानं पोथी अर्धी टाकली, ठरलेलं लग्न मोडलं. हे पारायण मी भुवना-प्रणवेशसाठी बोलले आहे, समजलीस?"

पहिल्या दिवशी हरभऱ्याचं सुंडल, म्हणजे कोरडी उसळ, केलं. गल्लीतल्या बायका आल्या. अक्कांची सून सुंदरी, म्हणजे माझी होणारी विहीण, ओरत्तनाडूहून बसनं आली. मी पाटावर बसले, बोट ठेवलं आणि सुरू केलं. डोंगरावर एक शाळा. तिथं कुमुदबाई नावाच्या शिक्षिका. त्यांचा मुलांवर फार जीव. चार पानांना तास गेला. अक्षराअक्षरामधल्या वेळात बायका वारा घेत, सुनांबद्दल बोलत, सुंडल खात. कुणाला काय समजत होतं कोण जाणे, पण सगळ्यांचे चेहरे पवित्र झाले होते.

दुसऱ्या दिवशी कुमुदबाई शाळेच्या विहिरीत पडल्या.

"समाधी घेतली," अक्का म्हणाल्या. आम्ही गोविंदा म्हटलं.

तिसऱ्या दिवशी शाळेचे आठ तास संपल्यावर, कुणी न वाजवता घंटा वाजली, आणि कुमुदबाई फळ्यापाशी उभ्या. लुगडं ओलं, केस ओले.

"दर्शन दिलं," अक्का म्हणाल्या.

सुंदरीनं मान वर केली. "पण ओल्या का, अक्का?"

"समाधीतून आल्या. वाळायला वेळ नको?"

हे सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. माझ्याच तोंडून जात होतं, पण मी अक्षरांच्या मागं धावत होते. गोष्टीकडं बघायला फुरसत कुणाला होती?

चौथ्या दिवशी सकाळी म्हटलं, आजचा अध्याय आधीच एकदा नजरेखालून घालावा, म्हणजे चारचौघांत अडखळणार नाही. चुलीवर भात ठेवला आणि बोट फिरवायला लागले. एकटीनं, शांतपणे वाचताना पहिल्यांदाच वाक्यं एकमेकांना जोडली जायला लागली. कुमुदबाई हजेरी घेतात. ज्याचं नाव त्या पुकारतात आणि जो 'हजर' म्हणतो, तो येत्या शुक्रवारचा सूर्य मावळताना पाहत नाही. एका मुलानं 'हजर' म्हटलं होतं. तो सापडला तेव्हा त्याच्या दप्तरातून पाणी गळत होतं.

भात करपला. मी पुस्तक पदराखाली घेतलं आणि सुप्रभाकडं गेले.

सुप्रभानं मागचं पान पाहिलं. तिथली अक्षरं मुंग्यांएवढी होती, म्हणून मी कधी त्या वाटेला गेले नव्हते. तिनं ती एका दमात वाचली आणि माझ्याकडं पाहिलं.

"मामी, ही पोथी आहे असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सगळ्यांनीच."

"अहो, तिकडं टीव्हीवर एक मालिका लागते. भुताची. तिच्यावरून लिहिलेली ही गोष्ट आहे. मोठ्या मुलांना घाबरवायला."

"मुलांना मुद्दाम घाबरवतात?"

"विकत घेऊन घाबरतात, मामी. आता काळ बदललाय."

"आणि या माऊली?"

"भूत."

"ओल्या आहेत त्या?"

"विहिरीतल्या भुतानं आणखी कसं असावं?"

मी घरी आले. देव्हाऱ्यासमोर उभी राहिले. इतके दिवस मी सकाळ-संध्याकाळ एका विहिरीतल्या भुताला कुंकू लावत होते, आणि माझ्या मुलीचं लग्न तिच्यावर सोपवलं होतं.

यांना माडीवर नेऊन सगळं सांगितलं. यांनी डोळे मिटून विचार केला.

"अर्धवट सोडता येत नाही, अक्कांचा बोल आहे. खरं सांगता येत नाही, डॉक्टरांचा हुकूम आहे."

"मग काय करायचं?"

"चालू ठेवायचं. शुक्रवार होऊ दे. मग बघू."

पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाकडून दुसरं काय निघणार? मी खाली आले आणि आधी टीव्हीची पिन काढून वर चादर घातली. यांचा क्रिकेटचा सामना होता.

"ती मालिका आपल्या केबलवर लागत नाही," हे म्हणाले.

"हे तुम्हाला माहीत आहे. मालिकेला माहीत आहे का?"

सामना यांनी शेजारी जाऊन पाहिला.

मी ठरवलं, गोष्टच बदलायची. पुस्तक कुणाला वाचता येतं? मी म्हणेन ते त्यात लिहिलेलं. दुपारी चारला पाटावर बसले, पानावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "तेवढ्यात तिथं एक साधू आले. त्यांची वस्त्रं भगवी होती, हातात कमंडलू होता, आणि ते म्हणाले, बाळांनो, घाबरू नका..."

अक्कांनी हात वर केला. "राजम, थांब."

"काय झालं, अक्का?"

"हे तू वाचत नाहीस."

"वाचते आहे की."

"तू वाचतेस तेव्हा बैलगाडी दगडांवरून जाते. आता मोटार गेली. वाच. सांगू नकोस."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी घसा साफ केला आणि तेच परत, पण दगडांवरून नेलं. "सा... धू... म... हा..."

"आणि तू अडखळतेस ती जोडाक्षराला," अक्का पट्टीआडून म्हणाल्या. "'साधू'ला अडखळायला तुला काय झालं? तो काही आला नाही. पोथीत काय आहे ते वाच."

मग दुसरा उपायच राहिला नाही. मी खरं वाचायला लागले. कुमुदबाईंनी हजेरीचा कागद हातात घेतला. एक नाव आलं, कुणी उत्तर दिलं नाही. दुसरं आलं, कुणी बोललं नाही. पुढच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. 'व'. म्हटलं. पुढं जोडाक्षर होतं, 'त्स'. ते सोडवण्यात मी इतकी गुंतले की सुटल्यावर काय होणार आहे याचा विचार करायला जागाच उरली नाही. तेही म्हटलं. मग मला समजलं. तोंड बंद करायला गेले, पण उतारावरची बैलगाडी ती, 'ला' होऊनच थांबली.

अक्कांनी हात वर केला. "हजर आहे गे."

"गोविंदा," सगळ्या म्हणाल्या.

मी पुस्तक मिटलं. तो मंगळवार होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि पुढचे दिवस मी माणसात नव्हते. अक्कांना काही झालं असतं तर त्या घरात वर्षभर लग्न नाही. आणि वर्षानंतरही आमच्या भुवनाशी नाही. मुलगी पायगुणाची वाईट, असं तंजावरपासून ओरत्तनाडूपर्यंत सगळे म्हणाले असते. मुलीला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती रेशमी साडीला इस्त्री करत मला विचारत होती, "अम्मा, अक्कांना मी आवडते ना?" प्रणवेशशी तिचं एसटीडी बूथवरून एकदाच बोलणं झालं होतं, तेही तासभर. बूथवाला येऊन सांगून गेला होता की तुमची मुलगी सगळा वेळ नुसती हसत होती.

मी पहिल्यांदा विहीर बंद केली. वर फळ्या टाकल्या, फळ्यांवर जातं ठेवलं. हे कळशी घेऊन रस्त्यावरच्या नळाच्या रांगेत उभे राहिले. बायका यांना पुढं जायला जागा देत आणि चौकशी करत, विहीर आटली का. अक्कांच्या वाटेतली पायपुसणी उचलली, उंबऱ्यावर उशी ठेवली. अक्कांना शिंक आली की माझा जीव वर यायचा. फणसाचे गरे मागितले तर दिले नाहीत, घशात अडकतील. अंबट भात मागितला तर मऊ भात दिला. अक्का न्हाणीघरात गेल्या की मी दाराशी उभी.

"काय गे," अक्का आतून म्हणाल्या, "मुलगी देणार आहेस की मला अटक केलीस?"

सुप्रभाला हसू येत होतं. "मामी, कागदावरची गोष्ट आहे ती. तुम्ही पण ना."

"मग कालपासून तू विहिरीचं पाणी का भरत नाहीस?"

"आम्ही पंप बसवलाय."

"कधी?"

"बसवणार आहोत."

बुधवारी आणि गुरुवारी मी जितकं हळू वाचता येईल तितकं हळू वाचलं. वाटलं, शेवटच्या अध्यायापर्यंत पोचायलाच नको. शुक्रवार उजाडला तेव्हा अक्का जिवंत होत्या आणि चहा नको, कॉफीच हवी म्हणत होत्या. मी देवाला हात जोडले. पण सूर्य मावळायला अख्खा दिवस होता.

डॉक्टरांनी पट्टी काढून काळा चष्मा दिला होता. तो लावून अक्का ओसरीत खुर्चीवर बसल्या. ओरत्तनाडूची मंडळी आली. अक्कांचा मुलगा वेंकटराव, सुंदरी, काका-मामा. फळांची, फुलांची, विड्याची ताटं मांडली. साडेदहाला राहुकाल लागणार होता. त्याच्या आत ताटांची देवघेव व्हायला हवी. वाध्यार आले, आमच्याकडं पुरोहिताला वाध्यार म्हणतात. तमिळ माणूस, पुढं आणखी दोन घरी जायचं होतं त्यांना.

साडेनऊला हे म्हणाले, "मग, सुरू करू या?"

"पोथी संपली का?" अक्कांनी विचारलं.

"एक अध्याय राहिलाय, अक्का," मी म्हणाले. "तो दुपारी..."

"पोथी पुरी झाल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही."

मी पुस्तक उघडलं. अध्याय बारा पानांचा. यांनी मनात हिशेब केला आणि यांचा चेहरा उतरला. माझ्या वेगानं राहुकाल येऊन, संपून, जेवणंही झाली असती. मी बोट ठेवून सुरू केलं. पहिल्या ओळीला जोडाक्षरं तीन. वाध्यारांनी घड्याळ पाहिलं. दुसऱ्या ओळीला परत पाहिलं. तिसऱ्या ओळीला ते उठलेच.

"इकडे द्या, अम्मा," ते म्हणाले. "देवनागरीच ना? रोजचं काम आहे आमचं. तुमची मराठी मला समजत नाही, पण वाचायला काय हरकत? अर्थ तुमचा, वाचन माझं."

माझ्या हातातून पुस्तक गेलं. त्यांनी ते डोळ्यांना लावलं, मांडी घातली आणि होमाला बसल्यासारखा आवाज लावला. अक्षर कसं स्वच्छ, सूर कसा भरदार. वाक्यच्या वाक्यं अखंड, एकामागून एक, ओसरीभर घुमायला लागली. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सगळ्यांना समजायला लागलं.

"मुलांनी दार आतून लावून घेतलं," वाध्यार स्वरात म्हणत होते, "आणि दाराखालच्या फटीतून लांब ओले केस आत सरकू लागले. त्या केसांमधून पाणी नव्हे, रक्त ठिबकत होतं..."

वेंकटरावांचा विडा चघळायचा थांबला. एका मामानं पाय वर घेतले. गल्लीतल्या बायकांनी एकमेकींचे हात धरले. वाध्यारांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. माणसं इतकी भारावलेली त्यांनी कधी पाहिली नसावीत. त्यांनी आवाज आणखी चढवला.

"राजमबाई," सुंदरी उभी राहिली, "काय चाललंय हे? शुभकार्याच्या घरात रक्त?"

मी यांच्याकडं पाहिलं, तर हे चष्मा पुसत होते.

"बोला ना. इतके दिवस आम्ही गोविंदा म्हटलं ते कशाला?"

"विहीणबाई, जरा हळू. अक्कांना धक्का..."

"धक्का? अक्का, उठा तुम्ही. हे देवाचं नाही. भुताचं आहे. भुताची पोथी ऐकवली यांनी आपल्याला."

वेंकटरावही उठले. काका उपरणं झटकायला लागले. स्वयंपाकघराच्या दारात भुवना रेशमी साडीत उभी होती, हातात कुंकवाची वाटी. तिला काय घडतंय ते कळत नव्हतं, पण उठून उभे राहिलेले लोक दिसत होते. तिनं वाटी खाली ठेवली आणि ती नुसती माझ्याकडं पाहत राहिली. त्या क्षणी मला भुताची भीती वाटली नाही. मी पाण्याचा तांब्या घेऊन अक्कांच्या खुर्चीशी उभी होते, आता त्यांना चक्कर येणार म्हणून.

काळ्या चष्म्याआडून अक्का म्हणाल्या, "सुंदरी, बस."

"अहो पण अक्का..."

"बस म्हटलं ना. वेंकटा, तूही बस. तिथं ती पोरं खोलीत अडकलीत. सुटतात की नाही, ते आधी कळू दे."

सगळे बसले. वाध्यारांना यातलं काही समजलं नव्हतं. ते तसेच पुढं वाचत गेले होते. मुलांना आता सुटायला वाट नव्हती. तेव्हा त्यांतल्या सगळ्यात लहान मुलीनं हजेरीचा कागद उचलला. इतकी वर्षं कुमुदबाई सगळ्यांची नावं पुकारत आल्या. त्यांचं नाव कुणीच पुकारलं नव्हतं. मुलीनं ते पुकारलं. बाई थांबल्या. म्हणाल्या, "हजर." त्यांच्या केसांतलं पाणी वाळलं, लुगडं वाळलं, आणि त्या दिसेनाशा झाल्या. त्या शाळेत नववी घंटा पुन्हा कधी वाजली नाही.

वाध्यारांनी पुस्तक मिटलं, कपाळाला लावलं आणि चित्रावर अक्षता टाकल्या.

अक्कांनी चष्मा काढून डोळे पुसले. डॉक्टरांनी रडू नका म्हणून सांगितलं होतं, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

"नाव घेतलं आणि सुटली," अक्का म्हणाल्या. "मग ही पोथी नाही तर काय?"

काकांनी झटकलेलं उपरणं परत खांद्यावर घेतलं. वेंकटरावांनी काकांकडं पाहिलं. खरोखर, आम्ही लहानपणापासून ऐकलेल्या निम्म्या पोथ्यांत आणखी काय घडतं?

"आता ताटं उचला," अक्का म्हणाल्या. "राहुकाल लागेल. आणि त्या पोरीला आत का उभं ठेवलंय? बोलवा तिला. मनाला आली आहे ती माझ्या."

ताटांची देवघेव झाली तेव्हा यांच्या घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. वाध्यार दक्षिणा घेऊन जाताना मला म्हणाले, "फार दिव्य ग्रंथ आहे, अम्मा. मधे तर माझ्या अंगावर काटा आला."

मंडळी जेवून गेली. अक्का दुसऱ्या दिवशी निघणार होत्या. मी मात्र सूर्य मावळेपर्यंत त्यांच्यापासून हलले नाही. पश्चिमेचा शेवटचा तांबडा पट्टा नारळाच्या झाडांमागं गेला, तेव्हा अक्का फणसाचा गरा खात होत्या. शेवटी मी त्यांना मंगळवारची गोष्ट सांगितली. मला आठवडाभर काय झालं होतं, तेही सांगितलं.

"वेडी आहेस," अक्का म्हणाल्या. "मी त्या बाईला कुठं 'हजर' म्हटलं? तू 'व' म्हणालीस आणि थांबलीस. 'त्स' म्हणालीस आणि घाम पुसलास. म्हटलं, ही माझं नाव घ्यायला इतकी झटते आहे, तर आपण आहोत एवढं तरी सांगावं."

लग्न ज्येष्ठात झालं. पुस्तक अक्का आपल्याबरोबर घेऊन गेल्या. त्यानंतर ओरत्तनाडूच्या आमच्या मंडळींत कुठं निश्चय असला की 'नववा तास' वाचून घ्यायची रीत पडली. माझ्याकडं काही वेळा बोलावणं आलं. मी डोळे अधू झाल्याचं सांगितलं.

वत्सलाअक्का वारल्या त्या २००७ साली, मार्गळी महिन्यात, म्हणजे धनुर्मासात, ओरत्तनाडूला आपल्या घरी, सकाळची कॉफी पिऊन झाल्यावर. वय एक्क्याण्णव होतं.